टांकीचें पाणी

जुन्नरच्या लेण्यांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांतील शिलालेख वाचले गेले, चैत्यगृहांच्या स्तंभांचीं व कमानींचीं मापें घेतलीं गेलीं, कोणतें लेणें आधींचें व कोणतें नंतरचें ह्याविषयीं विद्वानांनीं वाद केले. शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्रि ह्या डोंगरांत मिळून दोनशेंहून अधिक खोदकामें आहेत. एका गांवाभोंवतीं इतकीं लेणीं महाराष्ट्रांत दुसरीकडे नाहींत. हें सर्व वाचीत असतां आमच्या मनांत एक साधा प्रश्न वारंवार येई. हा कातळ कशानें खोदला? टांकीनें, हें उत्तर कोणीहि देईल. पण ती टांकी कशाची होती, तिला धार कोणीं दिली, आणि ती धार काळ्या फत्तरावर टिकली कशी, हें विचारूं लागलें म्हणजे उत्तर देणारे थोडे. लेणीं ज्यांनीं खोदविलीं त्यांचीं नांवें भिंतींवर आहेत. ज्यांनीं खोदलीं त्यांचे घाव भिंतींवर आहेत. ज्यानें टांकीला पाणी दिलें त्या लोहाराचें मात्र कांहींच उरलेलें नाहीं, असें प्रथमदर्शनीं वाटतें. आमच्या मतें तसें नाहीं. त्या लोहाराची साक्ष अजून काढतां येण्यासारखी आहे, आणि ती काढण्याचे दिवस आतां फार उरलेले नाहींत, एवढेंच ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम दगडाची ओळख करून घेऊं. जुन्नर व आंबेगांव हे दोन्ही तालुके दख्खनच्या काळ्या कातळावर वसलेले आहेत. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक निवून हा कातळ झाला. त्यांतील मुख्य खनिजें दोन, फेल्डस्पार आणि ऑजाइट. फ्रीड्रिख मोज ह्या खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं कठिणपणाची जी दहा पायऱ्यांची मोजणी बसविली, तींत फेल्डस्पार सहाव्या पायरीवर आहे, ऑजाइट साडेपांच ते सहा ह्यांच्या दरम्यान, आणि शुद्ध लोखंड चौथ्या पायरीच्या आसपास. अर्थात् साधें लोखंड ह्या दगडाहून मऊ. अशा लोखंडाची टांकी कातळावर चालविली तर थोड्याच घावांत तिचें तोंड पसरून फुलासारखें होतें, आणि दगड जेथल्या तेथें राहतो. उलट नुसतें अतिकठीण हत्यारहि येथें उपयोगाचें नाहीं. टांकी दगडाला ओरखडीत नाहीं. हातोड्याचा सगळा जोर ती दगडाच्या एका बिंदूवर नेऊन पोंचविते. कांचेप्रमाणें कठीण व ठिसूळ वस्तु तो जोर पोंचविण्याआधीं स्वतःच तडकेल. म्हणजे टांकीच्या टोंकास दगडाला पुरून उरेल असा कठिणपणा पाहिजे, आणि घाव सोसण्याची चिवटाईहि पाहिजे. हे दोन गुण एकमेकांचे वैरी आहेत. एक वाढला कीं दुसरा घटतो. त्यांची तडजोड घडवून आणणें ह्यालाच आपला लोहार पाणी देणें म्हणतो.

ही क्रिया आम्हीं आंबेगांव तालुक्यांतील एका लोहारसाळेंत अनेक वेळां बसून पाहिली, आणि पुढें आमच्या घराच्या परसांत लहानशी भट्टी मांडून स्वतः करून पाहिली. वाचकांस तिची कल्पना यावी म्हणून ती येथें थोडक्यांत सांगतों.

पहिली पायरी धातूच्या परीक्षेची. आम्हीं नेलेला जुन्या पहारेचा तुकडा लोहारकाकांनीं धार लावण्याच्या फिरत्या चाकावर क्षणभर धरला, व उडणाऱ्या ठिणग्यांकडे पाहिलें. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब व सरळ रेघांसारख्या जातात. पोलादाच्या ठिणग्या टोंकाशीं फुलबाजीसारख्या फुटतात. त्या फुटण्याचें कारण लोखंडांतील कर्ब, म्हणजे कोळशाचा अंश. हा अंश अगदीं अल्प असेल तर लोखंड कितीहि तापवून पाण्यांत टाकलें तरी मऊच राहतें; शेंकडा ०.६ पासून १ पर्यंत असेल तर तें हत्याराजोगें पोलाद होतें. आमचा तुकडा फुलबाजीसारखा फुलला, तेव्हां काकांनीं मान डोलावून तो सांडशींत घेतला.

टोंक घडवून झाल्यावर तें कोळशाच्या आंचेंत ठेवितात आणि भाता हळूं चालवितात. धातु प्रथम काळसर तांबडी दिसते, मग डाळिंबी होते. एवढ्यावर थांबावयाचें. तिला केशरी किंवा पिंवळी होऊं दिली तर तिचा पोत जाड व रवाळ होतो, आणि पुढें ती हमखास तुटते. ह्या लाल रंगाची परीक्षा आमच्या डोळ्यांस साधेना, म्हणून आम्हीं लोहचुंबकाचा आधार घेतला. सुमारें ७७० अंश शतमान उष्णतेला लोखंड चुंबकाकडे ओढलें जाईनासें होतें, त्याच्या किंचित् पुढें गेलें म्हणजे झालें. लोहारकाकांना चुंबकाची गरज नव्हती. त्यांनीं आमच्या भट्टीचा एकच दोष काढला, तो असा कीं ती उघड्यावर होती. "उन्हात पानी देऊ नका," ते म्हणाले, "ऊन रंगाला फसवतं." त्यांची भट्टी घराच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यांत होती, तोंपर्यंत आम्ही तें गरिबीचें लक्षण समजत होतों.

डाळिंबी झालेल्या टांकीचें टोंक तेवढें, सुमारें बोटाच्या एका पेराइतकें, पाण्यांत बुडवून वरखालीं हलवीत राहावें लागतें. तें एका जागीं धरलें तर पाण्याच्या रेषेवर चीर पडते. टोंक काळें पडतांच टांकी बाहेर काढावयाची. ह्या वेळीं तिचें टोंक अत्यंत कठीण व तितकेंच ठिसूळ झालेलें असतें, आणि दांडा अजून तापलेला असतो. लगेच टोंकावरील काळी खपली दगडावर घांसून तें उजळ करितात, आणि मग स्वस्थ पाहत बसतात. दांड्यांतील उष्णता हळूंहळूं टोंकाकडे सरकूं लागते, व तिच्याबरोबर उजळ केलेल्या पट्टीवर रंग धांवूं लागतात. प्रथम वाळल्या गवतासारखा फिका पिंवळा येतो, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटीं निळा. पिंवळा सुमारें २२० अंशांवर दिसतो, तपकिरी २५५, जांभळा २७५, आणि निळा ३०० च्या आसपास. जसजसा रंग पुढें सरकतो तसतसा कठिणपणा थोडा उतरतो व चिवटाई वाढते. कोणत्या रंगावर थांबावयाचें हें हत्याराच्या कामावर आहे. हवा तो रंग टोंकाशीं पोंचला कीं सबंध टांकी पाण्यांत टाकून ती धांव थांबवावयाची. म्हणजे पाणी देणें ह्या एका शब्दांत लोहार दोन क्रिया सांगतो. पहिली कठीण करण्याची, आणि दुसरी त्या कठिणपणांतला ठिसूळपणा बेतानें काढून घेण्याची.

आमची पहिली टांकी आम्हीं लाल करून सबंध बुडविली आणि तशीच दगडावर धरली. तिसऱ्या घावास तिच्या टोंकाची कपची उडून परसाच्या भिंतीवर आपटली. दुसरी आम्हीं भीतीनें निळ्या रंगापर्यंत जाऊं दिली; ती फुटली नाहीं, पण लवकरच बोथट झाली. तिसरी तपकिरी रंगावर थांबविली, आणि तिनें काळ्या दगडांत वीतभर लांबीचा उथळ चर खोदून दिल्यावरच ती पुन्हां भट्टींत घालावी लागली. वीतभर चरास एक वेळ भट्टी, हें आमच्या अडाणी हाताचें माप. कसबी हाताचें माप कितीतरी मोठें असेल. तथापि लेण्याद्रीवर ज्या लेण्यांत आज गिरिजात्मज गणपति आहे, तें मूळचा वीस खोल्यांचा विहार असून त्याच्या मधल्या मोठ्या दालनांत एकहि खांब नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तेवढा कातळ काढण्यास टांक्यांना किती वेळां आग दाखवावी लागली असेल ह्याचा अदमास येतो. आजहि दगडाच्या खाणीवर हातानें काम करणारे वडार आपल्याजवळ लहानसा भाता बाळगतात व छिन्न्या तेथल्या तेथें पाजवून घेतात. बोथट टांकी घेऊन दूरच्या गांवीं जाणें परवडत नाहीं. प्राचीन काळींहि हीच अडचण होती, म्हणून प्रत्येक डोंगराच्या अंगाखांद्यावर कोठें तरी लोहाराची आग पेटलेली असली पाहिजे, हा आमचा तर्क आहे. पण तर्कानें भागत नाहीं. पुरावा काय तो पाहूं.

पहिला पुरावा भाषेचा. मराठींत टांकी हा शब्द संस्कृत टंक ह्या शब्दापासून आलेला आहे, आणि टंक म्हणजे दगड फोडण्याचें हत्यार. पोलाद हा शब्द फारशींतून आला. त्याच्या आधीं आपल्याकडे तिखें हा शब्द होता, जो तीक्ष्ण ह्या शब्दाचेंच रूप आहे. परंतु सर्वांत बोलका शब्द पाणी हाच. पाणीदार मनुष्य, एखाद्याचें पाणी जोखणें, पाणी दाखविणें, पाणी उतरणें, हे प्रयोग आपण रोज करितों. मोत्यालाहि पाणी असतें, व ह्या सगळ्या प्रयोगांचें मूळ लोहारसाळेंतच आहे असा आमचा आग्रह नाहीं. पण मनुष्य प्रसंगाच्या आगींतून निघाल्यावर त्याचें पाणी कळतें असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां डोळ्यांपुढें मोतीं नसतें, हत्यार असतें. संस्कृत ग्रंथकारांनीं ह्याच क्रियेस पान म्हटलें आहे, लोखंडाला पाजावयाचें. तापलेलें लोखंड पाणी पितें, ही कल्पना ज्या भाषेंत इतकी मुरली आहे, त्या भाषेच्या लोकांत ती क्रिया फार जुनी असली पाहिजे.

दुसरा पुरावा ग्रंथाचा. इसवी सनाच्या सहाव्या शतकांत होऊन गेलेल्या वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत दोन ठिकाणीं ह्या विषयास स्पर्श केला आहे. खड्गाच्या लक्षणांचें जें प्रकरण आहे त्यांत तो सांगतो कीं, केळीच्या राखेचा क्षार ताकांत मिसळून एक अहोरात्र ठेवावा, त्यांत लोखंडास पाणी द्यावें, व नीट धार लावावी. असें हत्यार दगडावर मोडत नाहीं व दुसऱ्या लोखंडावर बोथट होत नाहीं. भूगर्भांतील पाणी शोधण्याच्या प्रकरणांत, जेथें विहीर खणतांना आडवा आलेला खडक कसा फोडावा हें सांगितलें आहे, तेथें तर खास टंकाचाच उल्लेख आहे. रुईचा चीक, मेंढ्याच्या शिंगाची जाळून केलेली काळी राख, आणि पारव्याची व उंदराची विष्ठा ह्यांचा लेप तेल चोळलेल्या टंकाला द्यावा, मग त्यास पाणी द्यावें व धार लावावी, म्हणजे तो शिळेवर फुटत नाहीं. ज्या लेण्यांत दात्यांनीं पोढी, म्हणजे पाण्याचें टांकें, खोदवून दान केल्याचे लेख आहेत, त्या जुन्नरच्या वाचकास हें प्रकरण परकें वाटूं नये.

आतां ह्या कृतींचें मोल काय? त्याच ग्रंथांत, धनाची इच्छा असेल त्यानें शस्त्रास अमुक पाजावें व गुणी पुत्र हवा असेल त्यानें तमुक पाजावें, असेंहि लिहिलेलें आहे. त्यामुळें सर्वच भाकड म्हणून टाकून देण्याचा मोह होतो. परंतु शिंग व विष्ठा ह्यांत कर्ब व नत्र हीं दोन्ही द्रव्यें आहेत. त्यांच्या सहवासांत लोखंड आगींत पुरेसा वेळ तापलें तर त्याच्या पृष्ठभागांत तीं शिरतात व पृष्ठ कठीण होतें. युरोपांतील कारखान्यांतहि हाडें, शिंगें व कातडें ह्यांच्या कोळशांत लोखंड पुरून तापविण्याची रीत विसाव्या शतकापर्यंत चालू होती. केळीच्या राखेंत क्षार असतात. खाऱ्या पाण्यांत तापलेल्या धातूभोंवतीं वाफेचें वेष्टण फार वेळ टिकत नाहीं, म्हणून धातु अधिक लवकर व अधिक सारखी निवते. तेव्हां ह्या कृतींमागें कोणाचा तरी खरा अनुभव आहे. पण त्यांत एक मोठी उणीवहि आहे. लेप कशाचा करावा हें ग्रंथांत आहे. आंच किती असावी, लाल रंग कोणता, आणि धांवता रंग कोठें थांबवावा, हें त्यांत नाहीं. ज्या गोष्टीवर सर्व कांहीं अवलंबून, तीच श्लोकांत आलेली नाहीं, कारण ती श्लोकांत येण्यासारखी नव्हती. ती लोहाराच्या डोळ्यांत होती, आणि पंडित त्या अंधाऱ्या कोपऱ्यांत बसला नव्हता.

तिसरा पुरावा प्रत्यक्ष वस्तूचा. लोखंड महाराष्ट्रास लेण्यांच्या कितीतरी आधींपासून ठाऊक होतें. नागपूर जिल्ह्यांत नायकुंड येथें उत्खननांत लोखंड गाळण्याची जी भट्टी सांपडली ती इसवी सनापूर्वीं सातव्या शतकाच्या सुमाराची मानतात. पहिल्या शतकांतील एका ग्रीक खलाशानें लिहिलेल्या पेरिप्लस नांवाच्या प्रवासग्रंथांत, आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या प्रदेशांतून हिंदी लोखंड व पोलाद आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात असे, अशी नोंद आहे. तेथें पोलादासाठीं जो ग्रीक शब्द योजिला आहे तो तोंड ह्या अर्थाच्या शब्दापासून झालेला आहे. आपणहि कुऱ्हाडीचें तोंड, टांकीचें तोंड असेंच म्हणतों. त्याच काळीं जुन्नर हें नाणेघाटानें कल्याण व सोपारा ह्या बंदरांशीं जोडलेलें होतें. टांकीविषयींचा सर्वांत स्पष्ट पुरावा मात्र सिंहलद्वीपांतून येतो. सिगिरिया येथें सांपडलेल्या पांचव्या शतकांतील एका टांकीची परीक्षा सर रॉबर्ट हॅडफील्ड ह्या इंग्रज धातुशास्त्रज्ञानें १९१२ सालीं प्रसिद्ध केली. तिच्या पृष्ठभागांत कर्ब शिरविलेला होता, आणि ती तापवून एकदम निवविलेली होती, असें त्यास आढळलें. ही टांकी जुन्नरची नव्हे, व जुन्नरच्या लेण्यांहून ती कांहीं शतकें अलीकडची आहे. पण वराहमिहिराच्या श्लोकांतील क्रिया त्या काळच्या पाथरवटाच्या हातांत खरोखर होती, एवढें तिनें सिद्ध होतें.

आणि जुन्नरच्या शिलालेखांत काय आहे? महाक्षत्रप नहपानाच्या अमात्याचें, अयमाचें, दान मानमोडीवर आहे. इरिल, चिट व चंद हे तीन यवन जुन्नरच्या लेखांत भेटतात. लेण्याद्रीवरील चैत्यगृह कल्याणच्या सुलसदतानें दिलें. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व एक टांकें दिलें. बुरुडांच्या व कांसारांच्या श्रेणींकडे ठेव ठेविल्याचा लेख आहे. ह्या यादींत लोहार आमच्या वाचनांत आलेला नाहीं. तो भेटतो साष्टींतील कान्हेरीस. कल्याणच्या नंद नांवाच्या लोहारानें तेथें एक वाट करून दिल्याचा लेख आहे. ज्याच्या हत्याराखेरीज एकहि लेणें झालें नसतें, त्याच्या धंद्याचा मनुष्य दाता म्हणून उभा राहतो तो लेण्यापर्यंत नेणारी वाट देऊन. ह्यांत कोणीं कोणावर अन्याय केला असें आम्ही म्हणत नाहीं. दानलेख दात्याचें नांव सांगण्यासाठींच असतो. पण इतिहास लिहिणारानें दानलेखावरच विसंबून राहिलें, तर ज्यानें पैसा दिला तोच लेण्याचा कर्ता ठरतो, आणि ही चूक आपल्या इतिहासलेखनांत वारंवार झालेली आहे.

ह्या विद्येची शास्त्रीय उपपत्ति फार अलीकडची आहे. लोखंड व पोलाद ह्यांतील भेद कर्बाचा आहे हें बर्थोले, मोंज व वांदरमोंद ह्या तीन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १७८६ सालीं मांडलें. त्याच सुमारास मुंबईंतील डॉक्टर हेलेनस स्कॉट ह्यांनीं रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स ह्यांजकडे वूट्झ म्हणून ओळखलें जाणारें हिंदी पोलाद धाडलें, आणि जॉर्ज पिअर्सन ह्यांनीं १७९५ सालीं त्याविषयींचा निबंध त्या संस्थेपुढें वाचला. १८२० च्या सुमारास स्टोडार्ट नांवाच्या चाकूवाल्याबरोबर मायकेल फॅरडेसारखा पुरुष पोलादाचें गूढ उकलण्याच्या खटपटींत होता. १८६८ सालीं रशियांतील चेर्नोव्ह ह्यानें पोलाद कोणत्या उष्णतेला आंतून बदलतें हें दाखविलें. आणि एकाएकीं निवविल्यानें जी अतिकठीण रचना होते तिला १८९५ सालीं मार्टेन्स ह्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नांवावरून नांव मिळालें. लाल झालेल्या पोलादांत कर्ब विरघळून जातो. तें हळूं निवलें तर कर्ब वेगळा पडतो व धातु मऊ होते. एकदम निवलें तर कर्बास बाहेर पडण्यास अवसर मिळत नाहीं, तो धातूच्या कणांत अडकून त्यांस ताणून धरतो, व तोच ताण कठिणपणाच्या रूपानें दिसतो. मग बेताची ऊब दिली म्हणजे थोडा कर्ब सुटतो व ताण सैल पडतो. लोहारकाकांना ह्यांतील एक अक्षर ठाऊक नव्हतें, आणि तरीहि त्यांचा तपकिरी रंग चुकला नाहीं.

ह्या ठिकाणीं आपल्या लोकांत दोन उलट मतें प्रचलित आहेत, आणि आमच्या मतें दोन्ही चुकीचीं आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, आमच्या पूर्वजांस सर्व ठाऊक होतें, पाश्चात्यांनीं तें येथून नेलें, आणि जुन्या ग्रंथांतील लेपांत अशी कांहीं गुप्त विद्या आहे कीं आजच्या शास्त्रास ती उमगलेली नाहीं. ह्या पक्षानें एकदां तरी रुईचा चीक लावून टांकी करून पाहावी. लेपानें चुकलेली आंच सुधारत नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो कीं, खेड्यांतला लोहार म्हणजे अडाणी. त्याला कर्ब ठाऊक नाहीं, उष्णतामापक ठाऊक नाहीं. त्याचें ज्ञान तें कसलें? ह्या पक्षानेंहि आमच्याप्रमाणें पहिल्या टांकीची कपची उडवून घ्यावी. दोन्ही पक्षांची चूक वस्तुतः एकच आहे. ज्ञान म्हणजे लिहिलेलें तेवढें, असें दोघेहि धरून चालतात. एकाला तें पोथींत सांपडतें, दुसऱ्याला कारखान्याच्या कोष्टकांत; भट्टीपुढें बसलेल्या मनुष्याकडे पाहण्यास दोघांनाहि सवड नाहीं.

आणि तो मनुष्य आतां उठून चालला आहे. बलुत्याची व्यवस्था मोडली, ह्यांत दुःख मानण्यासारखें फारसें नाहीं. तिच्यांत लोहारास सुखापेक्षां मिंधेपणच अधिक होतें. कुकडीच्या कालव्यांनीं शेतीचें रूप पालटलें. विळे, खुरपीं, कुदळी कारखान्यांतून येतात, आणि दगडाच्या खाणींत यंत्राचे सुंबे चालतात. लोहाराकडे उरलें तें मोडक्या मालमोटारींच्या कमानपाट्यांतून कोयते व कुऱ्हाडी घडविण्याचें काम. ह्या कामांतहि त्याची बुद्धि दिसते. कमानीचें पोलाद पाण्यांत टाकलें तर पुष्कळदां चिरतें, म्हणून तो तें तेलांत निववितो, आणि हें त्यास कोणत्याहि पुस्तकानें शिकविलेलें नाहीं. पण त्याचीं मुलें भात्याशीं बसत नाहींत, आणि त्यांनीं बसावें असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. धंदा राखा असें सांगणें सोपें आहे. धूर ज्याच्या डोळ्यांत जातो त्यानें तें सांगावें.

आमचें मागणें वेगळें व लहान आहे. जुन्नर व आंबेगांव ह्या तालुक्यांत जे थोडे वृद्ध लोहार आणि हातानें टांकी चालविणारे वडार व पाथरवट आज हयात आहेत, त्यांच्याजवळील माहिती शिलालेखाच्या योग्यतेचें साधन समजून टिपून घ्यावी. कोणत्या लाकडाचा कोळसा कोणत्या कामास, लाल रंगाच्या प्रत्येक छटेस ते काय म्हणतात, कोणत्या दगडास कोणता रंग, आणि एका टांकीवर किती काम होतें, हें त्यांच्याच शब्दांत लिहावें. ह्या माहितीचा लेण्यांशीं मेळ घालतां येईल. मानमोडीवरील अंबा-अंबिका समूहांतील चैत्यगृह अपुरें राहिलेलें आहे. अशा अपुऱ्या कामांत भिंती गुळगुळीत केलेल्या नसल्यामुळें टांकीचे चर उघडे दिसतात. त्यांची रुंदी, खोली व दिशा मोजून टांकीच्या तोंडाचा आकार ठरवितां येतो. आणखी एक साधन आहे. तापलेलें लोखंड ऐरणीवर ठोकतांना त्याच्या अंगावरून बारीक काळ्या पापुद्र्यांचा व गोळ्यांचा वर्षाव होतो, आणि तो वर्षाव भट्टीभोंवतालच्या मातींत शतकानुशतकें राहतो. ते चुंबकाला चिकटतात. आपल्या कातळाच्या मातींतहि चुंबकास चिकटणारी काळी रेव असते, म्हणून नुसत्या चुंबकानें निर्णय होत नाहीं; सूक्ष्मदर्शकाखालीं चपटे पापुद्रे व गोल कण ओळखावे लागतात. पुरातत्त्वखात्याच्या अनुमतीनें ह्या डोंगरांच्या पायथ्याशीं व सोंडांवर अशी माती तपासली, तर लोहार कोठें बसत असे हें कळण्याची आशा आहे. मग आमचा तर्क खरा कीं खोटा तेंहि ठरेल. खोटा ठरला तरी आम्हांस वाईट वाटणार नाहीं.

आंबेगांव हें नांव तालुक्याला ज्या गांवावरून मिळालें, तें जुनें गांव डिंभे धरणाच्या जलाशयांत गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे, आणि नांव तेवढें कागदावर चालू आहे. पाणीदार हा शब्दहि असाच आपल्या भाषेंत चालू आहे व पुढेंहि राहील. ज्या क्रियेवरून तो आपल्या तोंडीं बसला ती क्रिया मात्र काय होती, हें विचारलें असतां उत्तर देणारीं माणसें आज ह्या दोन तालुक्यांत बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत. आमच्या लोहारकाकांनीं आमची तिसरी टांकी हातांत घेऊन उलटसुलट पाहिली, अंगठ्याच्या नखावर तिचें टोंक टेकविलें, आणि ती परत देतांना एवढेंच म्हणाले कीं आंच अजून थोडी जास्त झाली होती. ती जास्त झाली होती हें त्यांनीं कशावरून ओळखलें, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें नाहीं. तें विचारण्यासाठीं आम्ही पुन्हां जाणार आहों.